एकहाती म्हैस आणि महाबळेश्वर

माझ्या सासऱ्यांनी अर्धा हिंदुस्थान पाहिलाय, तोही सरकारी खर्चानं. फौजेत होते. बर्फ पाहिला, वाळवंट पाहिलं, ब्रह्मपुत्रा पाहिली, आणि निवृत्त झाल्यावर पारावर बसून ते सगळं गावाला पुन्हा पुन्हा दाखवलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तेवढ्या काळात गोठा पाहिला. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा, तेव्हा इथून पुढे तसंच म्हणते. नाव कुणाचंच घेणार नाही. म्हशीचंही नाही. ती अजून आमच्याच दावणीला आहे आणि तिचा स्वभाव मला ठाऊक आहे.

गाव इस्लामपूरच्या जवळ, चहूबाजूंनी ऊस. मी मूळची सांगलीची. माहेरी आम्ही दर उन्हाळ्यात कुठेतरी जायचो. फार लांब नाही, कधी नरसोबाची वाडी, कधी गणपतीपुळे, आणि हात फारच आखडता असला तर मिरजेच्या मावशीकडे. पण जायचो. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी जेवताना सहज विचारलं, "यंदा कुठं जायचं?"

सगळ्यांचे घास हातात राहिले. मामांनी विचारलं, "का? कुनाचं लगीन हाय?"

तेव्हा मला कळलं की या घरात गावाबाहेर पडायला कारण लागतं. लग्न, बारसं, मयत, दवाखाना, फार तर देव. बिनकारण घराबाहेर पडणाऱ्या माणसाला काहीतरी नाद लागलाय असं समजतात. मी जरा हट्ट केला तर ठरलेलं उत्तर आलं, "परवडत न्हाई." त्याच उन्हाळ्यात चुलतदिराच्या वरातीत एवढा मोठा डॉल्बी लावला होता की शेजारच्या घराची दोन कौलं खाली आली. तो परवडला. कौलंही भरून दिली, तीही परवडली. मी सांगलीची असले तरी नवी सून होते, म्हणून गप्प बसले. जुनी झाल्यावर मात्र गप्प बसायचं काही कारण उरलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. होळी झाली होती आणि आम्ही दोघी वर्षाची चटणी कुटायला डंकावर गेलो होतो. नंबर लागायला वेळ होता. बाहेर पोत्यावर बसल्या बसल्या मी विचारलं, "आत्या, तुम्हाला कधी कुठं जावंसं वाटत नाही का हो?"

मला वाटलं, त्या काशी म्हणतील किंवा तुळजापूर. त्या क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "म्हाबळेश्वर."

"महाबळेश्वर का?"

"लग्नात म्हनलं हुतं ह्यांनी, घिऊन जातो म्हनून. मग रजा सपली." त्यांनी नाकाला पदर लावला. "आन मला बघायचं काय न्हाई तितं. नुसतं सकाळी उठायचं, खुर्चीत बसायचं, आन दुसऱ्यानं केल्याला चा प्यायचा. शेण न्हाई, धार न्हाई, कुनाची हाक न्हाई. येकच दिस. लय न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डंकाशेजारी बसण्याचा हा एक फायदा आहे, सगळं मिरचीवर ढकलता येतं. पण मी तिथंच ठरवलं की या बाईला मी महाबळेश्वरला खुर्चीत बसवून चहा पाजणार, मग घरात काय व्हायचं ते होवो.

पैशाचं म्हणाल तर माझी भिशी नुकतीच लागली होती आणि इस्लामपूरच्या पतपेढीतली नोकरी होती. ओळखीतून एका स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्याच्या घरची खोली स्वस्तात मिळाली. मी हे जाहीर केलं तेव्हा मामा म्हणाले, "तितं काय हाय? दरी. दरी बघायची तर आपल्या हिरीत वाक."

"ज्यांनी हिमालय बघितला त्यांनी हे बोलू नये," मी म्हणाले. नवरा हसला आणि ताबडतोब उसाला पाणी लावायला निघून गेला. त्याला संकटाचा वास लांबून येतो.

पैशाचा प्रश्न मिटला तशी म्हैस पुढे आली.

आमची म्हैस एकहाती. म्हणजे एकाच माणसाच्या हाताला पान्हा सोडणारी. तिचं रेडकू जन्मल्यावर आठवड्याभरातच गेलं, आणि तेव्हापासून तिनं आत्यांनाच आपलं पोर मानलं. दुसरा कुणी बादली घेऊन जवळ गेला की ती दूध वर चढवते, मान वळवून त्या माणसाला नीट बघून घेते, आणि मग लाथ मारते. एखादी धार चुकली की सड सुजायला लागतात. त्यामुळे आत्या लग्नाला गेल्या तरी अक्षता टाकून, ताटावरून उठून, संध्याकाळच्या धारेला घरी. सख्ख्या बहिणीच्या घरी त्या कधी मुक्काम करू शकल्या नाहीत. आम्हाला सुट्टी परवडत नव्हती ती ही अशी. घरात म्हैस होती का म्हशीच्या घरात आम्ही होतो, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आधी मी प्रयत्न केला. तिनं माझ्या साबणाचा वास घेतला आणि बादली उलटी केली. मग नवऱ्यानं केला. तो दोन दिवस लंगडत होता आणि कामावर, साखर कारखान्यात, विचारणाऱ्यांना पाय घसरला म्हणून सांगत होता. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं, "आवं, सासूच्या अंगावरची साडी न्हेसून बसा की. वासाला फसती म्हस." हा आमच्याकडचा जुना तोडगा आहे, बरेच जण करतात. आत्यांची धारेची एक जुनी हिरवी साडी होती, गोठ्याच्या खुंटीवरच असायची. ती नेसून मी बसले. म्हैस जरा घोटाळ्यात पडली खरी, पण लाथ बसलीच. राहता राहिले मामा.

"फौजेतला मानूस लुगडं न्हेसनार न्हाई," मामा म्हणाले. "समद्या गावात बोभाटा हुईल."

आत्या भांडल्या नाहीत, विनवलंही नाही. "व्हय, बराबर हाय," म्हणाल्या आणि घमेलं उचलून शेण भरायला गेल्या. त्यांचं ते "बराबर हाय" मला फार लागलं. मी मामांच्या समोर जाऊन बसले.

"मामा, एक सांगा. तुम्ही सीमेवर असताना डोक्याला झाडपाला बांधून बसायचात ना?"

"व्हय तर. श्येत्रूला कळू नये म्हनून. दिस दिस हलायचं न्हाई." मामा लगेच खुलले.

"म्हणजे झाड झालात तरी चाललं. बाईमाणूस झालात तर मात्र बोभाटा होतो."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग गोठ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "दार लावून घेतलं तर दिसंल का कुनाला?"

दुसऱ्या दिवशी गोठ्याचं दार लावून सराव झाला. मामांच्या मिशा, मामांचा बनियन, आणि त्यावर आत्यांची हिरवी साडी. नेसवून मीच दिली. हसू दाबताना माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. आत्या म्हशीला दिसू नयेत म्हणून भिंतीपलीकडे उभ्या होत्या आणि तिथून हुकूम सोडत होत्या. "आधी पाठीवरनं हात फिरवा. अंगटा आत दुमडा. आवं, वडू नगा, पिळा!" आणि म्हशीनं पान्हा सोडला! बादलीत धार वाजायला लागली तशी शेजारच्या काकूंनी खिडकीतून टाळी वाजवली. मामा एकदम सावधान झाल्यासारखे ताठ बसले. सगळं श्रेय आम्ही साडीला दिलं. भिंतीपलीकडच्या आवाजाचा विचार कुणाच्याही डोक्यात आला नाही. एवढी शिकलेली मी, माझ्याही नाही.

खरं तर यायला हवा होता. आत्या धार काढताना म्हशीशी बोलतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिच्या पोटाला कपाळ टेकवून त्या अखंड काहीतरी पुटपुटत असतात. काय बोलतात ते कधी कुणी ऐकलं नव्हतं. घरातला फ्रिज आवाज करतो तो तरी आपण कुठं ऐकतो?

आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं निघालो. आत्यांनी बरोबर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि एक नारळ घेतला होता. नारळ कशाला, तर लागला तर असावा. साताऱ्यात गाडी बदलली, वाई मागे पडली आणि घाट सुरू झाला, तशा त्या खिडकीला चिकटल्या. "लय वर आलो गं," एवढंच म्हणाल्या. खोली चांगली निघाली. पुढे व्हरांडा, व्हरांड्यात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, समोर उतारावर स्ट्रॉबेरीची शेवटची पिकं. आत्यांनी आधी खुर्ची हलवून बघितली, मग शेतात उतरून वाफ्यातली माती चिमटीत घेतली आणि घरमालकिणीला शेणखत कमी पडतंय म्हणून सांगून आल्या. पण चेहरा उजळला होता. तळ्याकाठी घोडे बघितले तेव्हा "ह्यास्नी वैरन कोन घालतं?" म्हणून काळजी केली आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे. मी कशाला इचारू?" मला वाटलं, जमतंय. बाई सुट्टीवर आली.

टॅक्सीवाल्यानं संध्याकाळी सूर्यास्ताच्या पॉइंटवर नेलं. तिथं ही गर्दी. सगळे मोबाइल उंच धरून सूर्य कधी बुडतोय याची वाट बघत होते, आणि तेवढ्यात आमचा मोबाइल वाजला. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल.

"आईला दे. म्हस दूध सोडंना झालीया. आबांनी साडी न्हेसलीया, समदं केलं. नुसती दारातनं बाहेर बघतीया."

मागे हिरव्या साडीतले मामा घामाघूम होऊन बसलेले दिसले. आत्यांनी फोन घेतला आणि सरळ कानाला लावला. त्यांना व्हिडिओ वगैरे ठाऊक नाही. फोन म्हणजे कानाला लावायची वस्तू. "तिच्या कानापाशी धरा फोन," त्या ओरडल्या, आणि सूर्याकडे पाठ करून सुरू झाल्या.

"काय गं भवाने? मला येक दिस सुख नगं व्हय?"

आजूबाजूची दहा माणसं वळून बघायला लागली. आत्यांना कुणी दिसत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, दुसरा हात हवेत म्हशीच्या पाठीवरून फिरवल्यासारखा फिरवला, आणि आवाज खाली आला. तो रोजचा पुटपुटण्याचा आवाज. मी पहिल्यांदाच शब्द ऐकले.

"सोड गं माझी बाय. येते की उद्या. कुटं पळून चाललीया मी? तुझी आज्जी हुती तवापास्नं हितंच हाय. तवा तुझा मालक रजेवर यायचा. आल्या आल्या तुझ्या आज्जीच्या पाठीवर हात ठेवायचा, किती दूध देती म्हनून इचारायचा. मला कवा इचारलं न्हाई बग, तू कशी हाईस म्हनून. समद्या मुलखाचं पानी पिऊन आला, पर माझ्या चाला बरा झालाय म्हनला न्हाई. मी तापानं फनफनले हुते तवा मला म्हनतो, पेंड भिजवलीस का. आता माझी साडी न्हेसून बसलाय. न्हेस म्हनावं. जरा कळू दे जड किती आसती ती."

शेजारच्या एका बाईंनी मोबाइल सूर्याकडून हळूच आमच्याकडे वळवला. मी त्यांच्याकडे असं बघितलं की तो परत सूर्याकडे गेला. आणि मग फोनमधून आवाज आला, बादलीत धार पडल्याचा. आधी बारीक, मग भरघोस. त्याच वेळी पॉइंटवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूर्यासाठी असाव्यात. आत्यांना वाटलं, म्हशीसाठी. त्यांनी मान हलवून टाळ्या स्वीकारल्या आणि वळून बघितलं तर समोर नुसतं लाल आभाळ.

"बुडाला व्हय?"

"बुडाला."

"बुडू दे. त्येला कुटं रजा हाय, उद्या यील परत."

टॅक्सीत बसल्यावर मात्र त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. मला म्हणाल्या, "मामा तितंच हुते व्हय गं? धार काडत?"

"मग धार कोण काढणार आत्या? म्हैस स्वतः?"

"समदं ऐकलं असंल."

"ऐकू दे की. बरं झालं."

"काय बरं झालं? त्ये माझं आन तिचं हुतं." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "उद्या पयल्या गाडीनं जायाचं. सकाळी परत फोन येनार, परत मी हितनं धार काडनार. मग हितं काय आन तितं काय? आपल्याला न्हाई हे जमत बाय. ज्येंच्या घरी म्हसरं न्हाईत त्येंचं काम हाय हे."

मला इतका राग आला की सांगता येत नाही. म्हशीचा आला, मामांचा आला, आणि ज्यानं मोबाइल काढला त्याचाही आला. एवढा खटाटोप करून, मिशीवाल्या माणसाला साडी नेसवून, बाईचं काम तिच्या मागोमाग डोंगर चढून आलंच. त्यांनी खोलीवर गेल्या गेल्या पिशवी भरून ठेवली, नारळासकट. मी एवढंच म्हणाले, "चहा पिऊन निघू." त्याला त्या नाही म्हणाल्या नाहीत.

सकाळी मी उठले तर आत्या व्हरांड्यात, खुर्चीत. अंगावर शाल, डोक्याला मामांची फौजेतली माकडटोपी. हवेत चांगलाच गारवा होता. पिशवी पायाशीच होती आणि एक हात पिशवीच्या बंदावर. घरमालकिणीनं ट्रेमधून चहा आणला. आत्यांनी आधी कप घेतलाच नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला आणि मला म्हणाल्या, "साखर लय टाकलीया." म्हणाल्या आणि इतक्या गोड हसल्या की मला वाटलं, आता गाडी चुकली तरी हरकत नाही.

दुसरा घोट घ्यायच्या आत फोन वाजला.

हसू गेलं. कप खुर्चीच्या हातावर ठेवून त्या म्हणाल्या, "आला. दे हिकडं." मामांनीच लावला होता, आणि बटणांचा घोळ होऊन तोही व्हिडिओ कॉलच लागला होता. आत्यांनी सवयीनं तो कानाला लावला.

"सोडंना व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई सोडत," मामांचा आवाज आला. "बोल तिच्यासंगं."

"अंगटा दुमडला का?"

"दुमडलाय. तू बोल की."

आत्यांनी सुस्कारा टाकला आणि डोळे मिटले. मला ते बघवेना. निदान दोन्ही हात मोकळे राहतील, चहा तरी पितील, म्हणून मी म्हणाले, "द्या, मी धरते. तुम्ही नुसतं बोला." फोन त्यांच्या तोंडासमोर धरताना पडद्यावर माझी नजर गेली.

गोठा दिसत होता. दुधाची किटली झाकण लावून, फडक्यानं बांधून दाराशी ठेवलेली होती, डेअरीला न्यायला तयार. आणि मागे म्हैस खाली बसून निवांत रवंथ करत होती. बसलेल्या म्हशीची धार ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. म्हणजे धार कधीच काढून झाली होती; मामांनी तिला काय सांगून पान्हा सोडायला लावलं ते त्यांनाच ठाऊक. मामा मात्र अजून हिरव्या साडीत, आत्यांच्या पाटावर, फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. पदर खांद्यावर नीट घेतलेला होता.

त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं.

इकडे आत्यांनी कप उचलला होता. एक घोट घेऊन त्या पुटपुटायला लागल्या, "आगं, आज मी खुर्चीत बसलीया बग. चा प्याया लागलीया. साखर लय हाय, पर आयता हाय. काल सूर्य बघायचा ऱ्हायला तुझ्यापायी. लग्नात म्हनला हुता तुझा मालक, दोगं बसून बघू म्हनून..." बोलता बोलता त्या थांबल्या आणि डोळे न उघडताच विचारलं, "सोडला का वो?"

मामांनी साडीच्या पदरानं तोंड पुसलं.

"न्हाई अजून," ते म्हणाले. "तू बोल."

मी फोन तसाच धरून ठेवला, पडदा जरा माझ्याकडे वळवून घेतला, आणि घरमालकिणीला खुणेनं आणखी एक चहा सांगितला, साखर कमी.